अठराव्या बुरुजाची चावी

‘अठरा बुरूज’चा शेवटचा भाग शुक्रवारी आला आणि शनिवारी सकाळपर्यंत जिज्ञासाला ग्रुपवर एकही मित्र उरला नव्हता.

ग्रुपचं नाव ‘बुरूजकर’. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरची मिळून चाळीसेक पोरं, सगळी शाळा-कॉलेजातली, आणि सगळी या एका मालिकेपायी वेडी. जिज्ञासा आठवीत असताना मालिकेतली राजकन्या ऐलमा त्यांच्या आयुष्यात आली आणि जिज्ञासा दहावीत जाईपर्यंत तिने कोणालाच नीट झोपू दिलं नाही. तिने समुद्रातला जलव्याल माणसाळवला, त्याच्या पाठीवर बसून बापाचे गेलेले सतरा बुरूज एकेक करून परत आणले, आणि या सगळ्या काळात तिचा भाऊ शार्विल गुहेत लपून तब्येत सांभाळत होता. शेवटच्या भागात अठरावा बुरूज उघडला. समोर सिंहासन, ऐलमाच्या हातात चावी. शार्विलने हात पुढे केला, ऐलमाने चावी त्याच्या हातात ठेवली आणि ती एकटी होडीत बसून निघून गेली. संपली मालिका.

ग्रुप पेटला. “तीन वर्षं आम्ही काय झक मारली?” इथपासून सुरुवात झाली आणि लेखकांच्या खानदानापर्यंत गेली. त्या आगीत जिज्ञासाने एकच ओळ टाकली : “मला आवडला शेवट. मी रडले.”

झालं. हात दाखवून अवलक्षण. राजसने लगेच तिचं नाव बदलून ‘होडीवाली’ ठेवलं. हा राजस म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टर्समधला, साहेबाचा मुलगा, वक्तृत्वाच्या ढाली घरात ठेवायला जागा नाही म्हणून शाळेत ठेवणारा. त्याने लिहिलं, “होडीवाली, हिंमत असेल तर समोरासमोर बोल. रविवारी. रेकॉर्ड करू, पेजवर टाकू. जो हरेल त्याने महिनाभर डीपीला शार्विलचा फोटो ठेवायचा.”

“ये,” जिज्ञासाने लिहिलं. “माझ्याच घरी या. चिखलोली.”

वर्षापूर्वीची जिज्ञासा असती तर तिने हे कधी लिहिलं नसतं. तेव्हा ती शाळेत तोंड उघडायची नाही, कारण उघडलं की घरची बोली बाहेर पडायची आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ‘मला’ऐवजी ‘माना’ करत ‘माना नाय ठाव’ म्हणून खिदळायचं. मग नववीच्या गॅदरिंगला तिने एकटीने वीस मिनिटं ऐलमा करून दाखवली, चक्क घरच्या बोलीत, आणि हॉल उभा राहिला. तेव्हापासून तिच्या तोंडाचं कुलूप जे निघालं ते कुठे पडलं, कोणालाच सापडलेलं नाही. आई म्हणते, सापडलं तर मला आणून द्या.

रविवारी काशीआत्या येणार होती, हे तिच्या लक्षात होतं. उलट तिला बरंच वाटलं. पप्पांची ही मोठी बहीण बदलापूरच्या पलीकडच्या गावात दिलेली. घरात ती आली की भांडी कमी आपटायची आणि हसू जास्त यायचं. यावेळी ती कामासाठी येत होती. चिखलोलीला स्टेशन होणार म्हटल्यापासून वारलेल्या हरिचंद्र आजोबांच्या शेताला बिल्डर चिकटले होते, आणि सातबाऱ्यावर पप्पांच्या बरोबरीने आत्याचंही नाव होतं. सोमवारी आत्या हक्कसोड करणार होती. म्हणजे रजिस्ट्रारसमोर सही करायची, की माझा वाटा मी भावासाठी सोडला. गावात सगळ्याच बहिणी करतात. सही झाली की भाऊ साडी नेसवतो, मटणाचं जेवण होतं. आत्याची साडी आठ दिवसांपासून कपाटावर पिशवीत वाट बघत होती, गर्द हिरवी, आणि घरात जो येईल त्याला पप्पा सांगत होते, “आमची बाय मोठ्या मनाची. एका शब्दानं वाकडं बोलली नाय.”

जिज्ञासाला ऐलमा का आवडली, याचं निम्मं उत्तर त्या वाक्यात होतं. पण ते तिला तेव्हा कळलेलं नव्हतं.

रविवारी दुपारी बुरूजकर आले. चाळीसातले सातच, बाकीच्यांना क्लास होते. राजस इस्त्रीचा शर्ट घालून, हातात मुद्दे लिहिलेली कार्डं घेऊन. मनाली उल्हासनगरहून, पाच नंबर कॅम्पातून, फोनचा स्टँड खांद्याला लावून. ती सूत्रसंचालक, शूटिंगवाली आणि पंच, तिन्ही. तिचे शेजारीपाजारी सगळे सिंधी, त्यामुळे ती कोणालाही साईं म्हणते.

“साईं, घर आहे का मंगल कार्यालय,” हॉलमध्ये शिरताच ती म्हणाली.

हॉल मोठाच होता. मधोमध पितळी कड्यांचा झोपाळा, आणि झोपाळ्यावर काशीआत्या, मांडीवर परात घेऊन भिजवलेले वाल सोलत. सकाळीच आली होती. आईने तिला दोनदा सांगितलं, पोरं गोंगाट करतील, तुम्ही आत बसा. आत्या म्हणाली, “माना कं करतील ती? बोलू दे. मी पन बगितलाय तो.”

“काय बघितलंय?” राजसने अदबीने विचारलं.

“बुरूज,” आत्या म्हणाली. “नातीसंगं. सगला. तो पानीवाला साप माना लय आवरतो.”

तिलाही तो आवडतो म्हटल्यावर पोरं खूश झाली. जलव्यालाला साप म्हणणाऱ्या माणसाला ग्रुपवर एरवी कोणी जिवंत सोडलं नसतं. पण आत्याचं तोंड असं होतं की तिला राजसनेही माफ केलं.

पप्पा दारातल्या खुर्चीवर पेपर घेऊन बसले. भूपेश, जिज्ञासाचा मोठा भाऊ, जिन्याच्या पायरीवर मोबाइल खेळत. मनालीने फोन लावला, आवाज तपासला, आणि म्हणाली, “विषय : ऐलमाने चावी दिली हे बरोबर की चूक. राजस, तू चूक. जिज्ञासा, तू बरोबर. मध्ये कोणी बोलायचं नाही. साईं, सुरू.”

राजसने कार्डाकडे बघितलंही नाही. “मी एकच प्रश्न विचारतो. चावी कोणी कमावली? व्यालाने ऐलमाचा हात भाजला. सातव्या बुरुजावर तिची मैत्रीण मेली. दहाव्याला तिने स्वतःचे केस कापून दोर केला. शार्विलने काय केलं? शार्विलला सर्दी होती.” पोरं हसली. “आणि शेवटी चावी त्याला. हा त्याग नाही. हे आळशी लेखन आहे. लेखकांना मुलीला सिंहासनावर बसवायची भीती वाटली, म्हणून तिला होडीत बसवलं.”

टाळ्या पडल्या. पप्पांनी पेपरवरून बघितलं.

जिज्ञासा एक पाऊल पुढे आली. “तू चावीचा हिशोब करतोयस,” ती म्हणाली. “ऐलमाने तो केला नाही, म्हणून ती ऐलमा आहे. सोळावा भाग आठव, सरदार दोन गटांत वाटले गेले होते. ती गादीवर बसली असती तर दुसऱ्या दिवशी भाऊ-बहिणीत लढाई. तिने सतरा बुरूज घर जोडायला जिंकले होते, फोडायला नाही. सिंहासन कोणालाही मिळतं रे. भाऊ परत मिळत नाही.”

“मग शार्विलने का नाही सोडलं?” राजस थंडपणे म्हणाला. “त्यालाही बहीण एकच होती ना. लढाई टाळायची तर तोही होडीत बसू शकत होता. पोहता येत नव्हतं का?”

हशा झाला. जिज्ञासाही हसली असती, पण आता हसणं म्हणजे हरणं.

“कारण तो ऐलमा नाही.”

“हे उत्तर नाही.”

“कारण तिचं मन मोठं आहे.”

“म्हणजे ज्याचं मन मोठं त्याने रिकाम्या हाताने जायचं? होडीवाली, हे तू सिरीयसली बोलतेस? जगात अशी एक तरी बाई दाखव, जिने आपलं हक्काचं हसत हसत दिलं. लेखकांच्या डोक्याबाहेरची. एक दाखव.”

सातजण तिच्याकडे बघत होते. फोनचा लाल ठिपका बघत होता. जिज्ञासाच्या डोक्यात गॅदरिंगचा हॉल उभा राहिला, आणि ती झोपाळ्याकडे वळली. तिच्या अंगात आलं होतं म्हणा.

“ही बघ,” ती म्हणाली. “माझी आत्या. उद्या आमच्या आजोबांच्या जमिनीवरचा वाटा माझ्या पप्पांसाठी सोडतेय. कोर्ट नाही, कचेरी नाही, एक वाकडा शब्द नाही. तुझ्या क्वार्टर्समध्ये अशी माणसं नसतील राजस, आमच्या घरी आहेत. ऐलमा खोटी वाटते ना तुला? मग हिला विचार.”

मग कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. पप्पांनी पेपर खाली ठेवला, त्यांचा ऊर भरून आला होता. “बोल बाय,” ते आत्याला म्हणाले, “पोरगी बरोबर बोलते का नाय.”

राजसने पहिल्यांदा कार्डाकडे बघितलं. त्यात उत्तर नव्हतं. जिज्ञासा जिंकली होती, आणि हे तिला तळपायापासून कळत होतं.

आत्याने हातातला वाल परातीत टाकला. सालीचा हात पदराला पुसला.

“जिज्ञा, माना येक सांग,” ती म्हणाली. “तू लय येला बगितला ना तो शेवट? माजे डोल्याला नीट दिसत नाय, मी चुकली आसन. त्या भावानं चावी मागली का?”

“हो म्हणजे... हात पुढे केला ना.”

“हात पुरं केला, ता दिसला माना. तोंडानं कं बोलला?”

तो सीन तिने इतक्या वेळा पाहिला होता की झोपेत सांगितला असता. शार्विल येतो. वारा. त्याचा तळहात, जवळून. ऐलमाचे डोळे. चावी. त्यावर व्हायोलिन. तिने स्वतः त्याचा व्हिडिओ करून पेजवर टाकला होता, ‘जगातला सगळ्यात सुंदर सीन’ म्हणून.

“त्यानं तिला इचारलं का,” आत्या म्हणाली, आवाज अजून गोडच, “का बाय, तुना ही ठेवाची हाय का माना देतेस? आसा कायतरी?”

“जिज्ञासा,” पप्पा म्हणाले. “पोरांना चहा टाक जा.”

ते सहज म्हणाले होते. पण जिज्ञासा त्यांची मुलगी होती. त्या सहज आवाजाखाली काय असतं ते तिला ठाऊक होतं. भूपेशने मोबाइल खाली केला. स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभी राहिली, हाताला पीठ, आणि तिने डोळ्यांनीच जिज्ञासाला आत बोलावलं. एक पाऊल आत टाकलं की संपलं होतं सगळं. चहा, खारी, राजसच्या डीपीला शार्विल, उद्या सही, हिरवी साडी.

“चहा ठेव म्हटलं ना,” पप्पा म्हणाले.

जिज्ञासाने आत्याकडे बघितलं. आत्या तिच्याकडे बघत नव्हती, परातीकडे बघत होती. पण झोपाळा थांबलेला होता, आणि आत्याच्या पायाचा अंगठा जमिनीवर असा रोवलेला की तो हलू नये.

हरायचं नव्हतं तिला. खोटं बोलली असती तर कोणाला कळलं असतं? राजसला. त्याने तो भाग पाठ केला होता. पण राजस गेला उडत, त्याची कोणाला पर्वा. आत्याला कळलं असतं.

“नाही,” ती म्हणाली. “विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही तिला. पूर्ण भागात नाही.”

“माना वाटलाच,” आत्या म्हणाली.

मनालीने स्टँडवरचा फोन काढला आणि रेकॉर्डिंग बंद केलं. कोणी तिला सांगितलं नव्हतं.

“आत्या,” जिज्ञासाच्या तोंडून निघून गेलं, आणि निघताना तिला कळत होतं की हे परत आत घेता येणार नाही. “तुला विचारलं का कोणी?”

“पप्पांनी विचारलं असेल,” भूपेश पायरीवरून म्हणाला.

“मी कुठं?” पप्पा त्याच्याकडे वळले. “फोन तू केलेलास.”

“मला वाटलं तुमचं झालंय बोलणं. मी फक्त निरोप दिला.”

“भूपेशनी फोन केलता,” आत्या म्हणाली. “बोलला, आत्या, रविवारी ये. येताना आधार कार्ड आन.” ती जराशी हसली. “आमचे गावान आता बायांना म्हायती झालाय. माहेरशी फोन आला का आदी इचारतान, जेवाला बोलवलाय का आधार कार्ड आनाला. माजे जावेला गेले वरसाला आलता. त्याचे आदी शेजारनीला. मी पिशवीन घातला न् निंगाली.”

बाहेर रिक्षा गेली तिचा आवाज हॉलभर फिरून आला.

“मग तुना नाय कराची सही?” पप्पा उभे राहिले. ते आता प्रमाण मराठी विसरले होते. “मंग आदी बोलाचा ना, बाय. मी सगल्यांना सांगून बसलू. उद्या त्यो बिल्डर येल, वकील येल. पोरांचे समोर तमाशा कराचा व्हता?”

“पप्पा, तमाशा आत्याने नाही केला,” जिज्ञासा म्हणाली. आवाज तिच्या मनात होता त्याच्या निम्माच निघाला. “मी केला.”

“तू गप.”

राजस भिंतीला टेकला होता, कार्डं पाठीमागे लपवून, आणि पहिल्यांदाच तो पंधरा वर्षांच्या पोरासारखा दिसत होता.

“नाय कराची, आसा मी बोलली नाय,” आत्या म्हणाली. “कराची, आसा पन नाय बोलली. माना ठाव नाय, हरेश. खरा सांगते. बाबा गेले तवापासून येवरे वरसान माना कुनी इचारलाच नाय, त माजे मनान कं हाय ता मी तरी कवा बगितला? आता या पोरीनं इचारलाय. जरा इचार करू दे माना.”

“आनि उद्याचा?”

“उद्या नको.”

पप्पांनी चप्पल पायात सरकवली आणि बाहेर गेले. गेट आपटलं. मग ते आवाराच्या भिंतीपाशीच थांबले, पाठमोरे, कमरेवर हात. जिज्ञासाला खिडकीतून त्यांची मान दिसत होती, आणि ती मान तिने याआधी फक्त एकदाच अशी पाहिली होती, आजोबांना नेलं तेव्हा. घर फुटतं ते असंच फुटत असेल. कोणी दगड मारत नाही, एक पोरगी डिबेट जिंकायला जाते.

“आम्ही निघतो,” मनाली हळूच म्हणाली.

“बसा,” आत्या म्हणाली. “तुमचा निकाल लागला नाय. कोन हरला?”

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. राजस खाकरला. “मीच हरलो असं लिहू. चालेल.”

“दया नको दाखवू,” जिज्ञासा म्हणाली. डोळे भरले होते, पण राजसच्या दयेने तिला जरा बळ आलं. “ऐक. ऐलमाने चावी दिली ते बरोबर का चूक, मला आता सांगता येत नाही. तिने ठेवली असती तर कदाचित ते चूक असतं. पण तिथे एक वाक्य पाहिजे होतं. शार्विलने तोंड उघडायला पाहिजे होतं. मग तिने दिली असती, नसती, अर्धा बुरूज वाटून घेतला असता, काहीही. ते नाही, म्हणून तू म्हणतोस तसं आळशी लेखन. आणि मी त्याच्यावर व्हायोलिन लावून व्हिडिओ केला. तो काढते मी आज.”

“दोन हजार लाइक आहेत त्याला,” मनाली म्हणाली.

“असू देत.”

राजसने कार्डं खिशात घातली. “मला वाटलं होतं तू रडशील आणि मी जिंकेन,” तो म्हणाला. “हा मुद्दा माझ्याकडे नव्हता.” मग जरा थांबून, “घरी माझ्या आईच्या दोन्ही मावश्यांनी केलंय हे. मी कधी विचारलं नाही.”

चहा शेवटी आईनेच आणला. पोरांनी तो उभ्या उभ्या प्यायला आणि ती गेली. जाताना मनालीने आत्याला वाकून नमस्कार केला. आत्या म्हणाली, “साईं, सुखी रहा,” तेव्हा भूपेशसुद्धा हसला, पण त्याचं हसू लगेच विझलं.

खिडकीतून पप्पांचा आवाज येत होता. फोनवर. “नाही, कागद तयार आहेत... नाही हो, तसं काही नाही. पुढे ढकला. घरचं आहे.” ते ‘घरचं आहे’ त्यांनी दोनदा म्हटलं.

ते आत आले तेव्हा ताटं मांडली होती. त्यांनी जिज्ञासाकडे बघितलं नाही. तिने पाणी ठेवलं, ते त्यांनी सरकवून घेतलं, बघितलं नाही. आत्या समोर बसली होती. तिने भाकरी मोडली आणि म्हणाली, “मी राहते थोरे दिवस. चालल ना?”

“त्यात काय इचाराचा,” पप्पा म्हणाले, आणि म्हटल्यावर स्वतःच थबकले.

आईने मटणाचं पातेलं मध्ये ठेवलं. पप्पांनी पळी घेतली, आधी आत्याला वाढलं, नळी बघून वाढली, लहानपणापासून तिला आवडते तशी. मग पळी तशीच हातात धरून बसले. रस्सा ताटात ठिबकत होता.

“जिज्ञा,” ते म्हणाले. अजूनही बघत नव्हते. “तो भाऊ. चावी घेतल्यावं त्याचा कं झाला?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले, आत्यासुद्धा.

“दाखवलंच नाही, पप्पा,” ती म्हणाली. “ती होडीत बसून गेली आणि तिथेच संपली मालिका. तो एकटा उभा असतो, हातात चावी घेऊन. पुढचं कोणालाच माहीत नाही.”

पप्पांनी मान हलवली. मग पळी पातेल्यात ठेवली आणि ताटाला हात न लावता, आत्या पहिला घास घेईपर्यंत थांबून राहिले.